परका शब्द कोणाला परका?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला आणि मराठी किती स्वयंभू, किती निर्भेळ व किती प्राचीन आहे यावरच्या भाषणांना ऊत आला. मराठीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या शिलालेखाचा हवाला या भाषणांतून वारंवार दिला गेला. या आनंदावर विरजण घालण्याचे काही कारण नाही. परंतु ज्या वाक्याने ही वार्ता घरोघर पोचली ते वाक्यच एकदा उलगडून पाहण्यासारखे आहे. ‘केंद्र’ हा शब्द मूळचा ग्रीक असून संस्कृत ज्योतिषग्रंथांच्या वाटेने तो इकडे आला. ‘सरकार’ फारसी आहे. ‘दर्जा’ आणि ‘जाहीर’ हे दोन्ही मुळात अरबी. निर्भेळतेच्या हट्टाने हे चार शब्द गाळून टाकले तर बातमीत ‘मराठी’, ‘भाषा’ आणि ‘अभिजात’ एवढेच उरते. कोणी दिले आणि काय दिले हे कळण्यास मार्ग राहत नाही.

उरलेल्या ‘अभिजात’ या शब्दाचीही कहाणी ऐकण्याजोगी आहे. इंग्रजीतील ‘क्लासिकल’चा हा अनुवाद. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला, खानदानी. ज्या समाजात जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याची रीत अद्याप मोडलेली नाही, तेथे भाषेच्या गौरवासाठीही कुळाचाच दाखला शोधावा, हे योगायोगाने घडले असे मानणे कठीण आहे. अर्थात अनुवादकाला एकट्यालाच दोष देणे अन्यायाचे होईल, कारण मूळ लॅटिन शब्दही फारसा निष्पाप नाही. रोममध्ये ‘क्लासिकस’ म्हणजे मालमत्तेच्या गणतीत पहिल्या वर्गात बसणारा नागरिक. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियस या रोमन ग्रंथकाराने तो शब्द लेखकाला लावला, आणि लावताना त्याच्या विरुद्ध टोकाला जो शब्द ठेवला तो ‘प्रोलेटेरियस’. म्हणजे ज्याच्यापाशी मालमत्ता आहे त्याच्या तोडीचे लेखन प्रमाण, आणि ज्याच्यापाशी पोराबाळांखेरीज काही नाही त्याच्या तोडीचे लेखन त्याज्य. पक्षाच्या अभ्यासवर्गांतून ‘प्रोलेटेरियट’चा अर्थ पन्नास वेळा सांगितला गेला असेल, पण साहित्यातील ‘क्लासिक’ हा त्याचाच सख्खा वैरी आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

नाणेघाटाकडे वळावे. कोकणातील बंदरांवरून जुन्नरकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरच्या त्या गुंफेत ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत जो लेख कोरलेला आहे, तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. सातवाहन राणी नागनिकेशी त्याचा संबंध जोडला जातो. लेखात आहे काय? यज्ञांची नावे आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा हिशेब : गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. भारतातील अंकलेखनाच्या इतिहासात हे आकडे फार मोलाचे आहेत. परंतु ज्यांच्या मालावर त्या घाटात जकात घेतली जात असावी, ज्यांच्या पाठीवरून तो माल वर चढत होता, त्यांच्याविषयी लेखात अवाक्षर नाही. पुढे लिपीच विस्मृतीत गेली. एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा उलगडेपर्यंत कितीतरी शतके घाटाने ये-जा करणाऱ्या माणसांना आपल्याच भाषेच्या पूर्वजाचा तो लेख म्हणजे खडकावरच्या रेघोट्या होत्या.

याच जुन्नरच्या परिसरातील बौद्ध लेण्यांत दुसरे काही लेख आहेत. ते भाषणांत फारसे येत नाहीत. त्यांतील देणगीदारांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणी आहेत, आणि त्यांत यवनही आहेत. एका यवनाने पाण्याच्या दोन पोढी खोदून दिल्या, दुसऱ्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला तत्सम परदेशी. (पुढे बखरकारांनी हाच शब्द मुसलमानांना लावला. परक्याला ‘परका’ म्हणण्यासाठीही मराठीने ‘आयोनिया’वरून आलेला परकाच शब्द वापरला!) या यवनांनी आपले दान ग्रीकमध्ये कोरून घेतले नाही. ज्या गावात राहिले, ज्या गावात कमावले, त्या गावाच्या प्राकृतात ते कोरून घेतले. भोवतालच्या माणसांना आपले म्हणणे कळावे एवढी साधी माणुसकी त्यांना समजत होती. त्यांची भाषा लेण्यांतून दिसत नाही हे खरे. परंतु घोडेगावच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर जे दप्तर असते, तो शब्द फारसी-अरबीच्या मार्गाने आला असला तरी मुळात ग्रीक आहे, आणि घामाचे ‘दाम’ मागणारा मजूर ग्रीक ‘द्राख्मा’चाच वंशज शब्द उच्चारीत असतो.

आता साहित्यिक मंडळी भाषांचे वर्णन कसे करतात ते पाहावे. संस्कृत ही देवांची, फारसी गोड, उर्दू नजाकतीची, मराठी राकट आणि दणकट, कानडी अगम्य, इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध. हे शेवटचे वर्णन विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या क्रिस्तपुराणात त्याने मराठीची स्तुती रत्नांच्या, फुलांच्या, पक्ष्यांच्या उपमांनी केली. त्या स्तुतीवर मराठी माणूस चारशे वर्षे संतुष्ट आहे. स्टीफन्सचे मराठीवरील प्रेम खोटे होते असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र धर्मप्रसारासाठी त्याला त्या भाषेची गरज होती, आणि ज्याची गरज असते ते गोड लागते. एखादी भाषा कानाला गोड वा कडू लागते याचे कारण तिच्या स्वर-व्यंजनांत जितके असेल त्याहून अधिक, ती कोण बोलतो आणि तो बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला उभे राहावे लागते की बसून ऐकता येते, यात असते. साहेबाचा मराठीचा मोडका उच्चार दिवाणखान्यात कौतुकाचा विषय होतो. भीमाशंकरच्या पट्ट्यातील महादेव कोळी बाई तालुक्याच्या कचेरीत आपल्या बोलीत कैफियत मांडते तेव्हा तिला ‘नीट बोला’ असे सांगितले जाते. तिची बोली कारकुनाला कळत नाही असे नव्हे. कळूनही न कळल्यासारखे करण्याची मुभा कारकुनाला आहे, तिला नाही.

शब्दांच्या परकेपणाची चर्चा महाराष्ट्रात नवी नाही, आणि तिचा एक धागा जुन्नरशीच येऊन मिळतो. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले, आणि सुमारे चौदाशे फारसी-दखनी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. हे पाऊल निव्वळ शुद्धीच्या सोवळेपणातून उचलले गेले असे मानणे चुकीचे ठरेल. नव्या राज्याला दिल्ली-विजापूरच्या दरबारांचे मांडलिकत्व शब्दांतूनही झुगारावयाचे होते. तो एक राजकीय जाहीरनामाच होता. पेशवा हा मुख्यप्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, दबीर सुमंत, सरनोबत सेनापती. परंतु शब्द हुकमाने जगत नाहीत. शाहू महाराजांच्या काळापासून पुढचे शंभर वर्षांचे राज्य इतिहासाने ज्या नावाने ओळखले ते ‘मुख्यप्रधानाई’ नव्हे, ‘पेशवाई’. सचिव आणि मंत्री हे शब्द परत आले ते विसाव्या शतकात, मुंबईच्या सचिवालयात, आणि त्या सचिवालयाचेही नाव पुढे मंत्रालय झाले. या सगळ्या उलथापालथीत रयतेचे जमीन, खरीप, रब्बी, हंगाम, तालुका, जिल्हा हे सारे शब्द जागच्या जागी राहिले. ते कोशाच्या प्रभावाने हलले नाहीत आणि भाषाशुद्धीच्या चळवळीनेही हलले नाहीत. भाषाशुद्धीची पत्रके ज्या कागदावर व ज्या शाईने छापली गेली ते ‘कागद’ आणि ‘शाई’ हे दोन्ही शब्द फारसी. आणि जुन्नर तर हातकागदाचे नावाजलेले केंद्र! तेथील कागदी लोकांनी मराठी दप्तरांना अंग पुरविले. त्यांच्या धंद्याचे नाव परके म्हणून ती दप्तरे कोणी जाळली नाहीत.

शुद्धिवाद्यांच्या तराजूत शब्द टाकण्याऐवजी कष्टकऱ्याच्या तराजूत टाकून पाहिले तर निराळाच निकाल हाती येतो. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टी’पासून आलेला, अस्सल स्वदेशी. ‘सावकार’ स्वदेशी. ‘अस्पृश्य’ तर शुद्ध संस्कृत. उलट ‘मजुरी’ फारसी, ‘हक्क’ अरबी, ‘फिर्याद’ आणि ‘दाद’ फारसी, ‘वकील’ अरबी. या मातीतल्या शब्दांनी ज्याला जखडले, त्याला सुटकेची भाषा बाहेरच्या शब्दांनी पुरविली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आवरलेला बरा, कारण ‘जुलूम’ आणि ‘गुलाम’ हेही बाहेरूनच आले. परंतु जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथाला नाव देताना ‘दास्य’ हा शब्द घेतला नाही, ‘गुलामगिरी’ हा घेतला. शेतकऱ्याच्या कानाला तो झोंबणारा होता, आणि फुल्यांना शब्द झोंबावयास हवा होता. याच फुल्यांच्या मराठीची निबंधमालाकारांनी व्याकरणाच्या चुका काढून टर उडविली. वाघिणीचे दूध पचविलेल्या पंडिताला माळ्याचे मराठी पचले नाही.

सर्वांत विलक्षण प्रवास ‘गरीब’ या शब्दाचा. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी, घरापासून दूर पडलेला. परमुलखात ओळखदेख नसलेला माणूस निराधार असतो, निराधार असतो म्हणून दुबळा असतो, दुबळा असतो म्हणून दरिद्री ठरतो; या पायऱ्या उतरत उतरत तो शब्द फारसीतून मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ नुसता दरिद्री असा उरला. आज जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातला भूमिहीन आपल्याला ‘गरीब’ म्हणवितो तेव्हा नकळत तो ‘परका’ असाच आपला परिचय देत असतो, तोही आपल्याच वडिलोपार्जित डोंगरावर उभा राहून. परक्या शब्दांचा द्वेष करणाऱ्यांना या एका शब्दासाठी निर्भेळ पर्याय सहज सापडेल. संस्कृतात ‘दरिद्री’ आहे, ‘निर्धन’ आहे. पण मोर्च्यात कोणी ‘आम्ही निर्धन आहोत’ अशी घोषणा दिली तर पोलिसांनाही हसू येईल. आणि ‘मोर्चा’ तरी कुठला? तोही फारसी. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मराठी भाषेचे राज्य मागत गावोगाव फिरलेले अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर हे सारे स्वतःला ‘शाहीर’ म्हणवीत. हा शब्द अरबी. नारायणगावच्या विठाबाईंनी ज्या रंगभूमीवर आयुष्य वेचले तिचे नाव ‘तमाशा’, आणि त्यातला सवाल-जवाब, मुजरा सारे त्याच घरचे. लोककलेला तिची मुळे विचारीत बसण्यास वेळ नव्हता. तिला फड उभा करावयाचा होता.

येथे एक आक्षेप येतो, तो गंभीर आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावचा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापड घेऊन निघालेल्या मालमोटारीपुढे तो आडवा झाला आणि चिरडला गेला. परदेशी कापडाला ज्या भूमीने असा विरोध केला, तिने परदेशी शब्द मात्र निमूट अंगावर घ्यावेत काय? भाषाशुद्धीचे कैवारी हा दाखला मोठ्या आवेशाने देतात. परंतु कापड आणि शब्द यांत एक मूलभूत भेद आहे. मँचेस्टरचे कापड आले तेव्हा येथला माग बंद पडला आणि विणकर उपाशी राहिला. ‘तारीख’ आला म्हणून ‘तिथी’ उपाशी राहिली नाही. दोघी आपापले काम करीत आहेत. ज्याने शब्द दिला त्याच्याकडचा तो कमी होत नाही, घेणाऱ्याला त्याचे व्याज भरावे लागत नाही. तरीही बाबू गेनूच्या मरणाचा धडा भाषेला एका जागी तंतोतंत लागू पडतो. जेथे भाषा उंबरठ्यावर दांडगेपणाने उभी राहून माणसाला त्याच्या कामावाचून, त्याच्या न्यायावाचून, त्याच्या हक्कावाचून परत पाठविते, तेथे ती मँचेस्टरच्या कापडाचेच काम करीत असते. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाने आजही इंग्रजी आहे. ज्याच्या जमिनीचा निकाल लागतो त्याला तो निकाल दुसऱ्याकडून समजावून घ्यावा लागतो. डॉ. राममनोहर लोहियांचा इंग्रजीवरचा मुख्य रोष ती परदेशी म्हणून नव्हता. या देशात ती सरंजामी भाषा झाली आहे, मूठभरांच्या हाती तिने किल्ल्या दिल्या आहेत, हा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा बाजूला ठेवून इंग्रजीच्या जागी तितकीच दुर्बोध मराठी आणली तर कुलूप बदलते, किल्ली त्याच हातात राहते.

असे घडले आहे. १९६० साली राज्य आले, भाषा संचालनालय आले, १९६२ साली पदनाम कोश आला. त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून त्या काळी टवाळी झाली. १९६४ साली राजभाषेचा अधिनियम झाला. पदनाम कोशाची टवाळी एकंदरीत उथळ होती. राज्यकारभार मराठीत आणण्याचे कष्ट ज्यांनी घेतले त्यांचे ऋण मोठे आहे, आणि त्यांनी रुळविलेले कितीतरी शब्द आज टवाळखोरांचे वारस बिनदिक्कत वापरतात. खरा प्रश्न शब्द अवघड की सोपा हा नव्हताच. इंग्रजी कायद्याचा अनुवाद करताना त्या कायद्याची नजरही अनुवादित होत होती, आणि तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे ‘गौण वनउपज’. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, उन्हाळ्यात हिरडा गोळा करावयाचा, बाळहिरडा वाळवावयाचा आणि विकावयाचा, हा महादेव कोळी व अन्य आदिवासी कुटुंबांचा वर्षातला हाती रोख पैसा येण्याचा प्रमुख आधार. पावसाळ्यातला भात घरी खाण्यापुरता. मीठ-मिरची, कापड, औषध, पोरांची शाळा हे हिरड्यावर. या हिरड्याला कायद्याच्या मराठीत नाव आहे गौण वनउपज. गौण कोणाच्या दृष्टीने? ब्रिटिशांच्या वनखात्याला रेल्वेसाठी, जहाजांसाठी, इमारतींसाठी लाकूड हवे होते. तिजोरीत भर घालणारे ते मुख्य, बाकी सारे किरकोळ. त्या साहेबाच्या जमाखर्चातील ‘मायनर’ हा शब्द भाषांतरकाराने प्रामाणिकपणे ‘गौण’ केला. अनुवादात चूक काढता येणार नाही. चूक अशी की, तो इतका बिनचूक आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने या उपजेवर गावाची मालकी मान्य केली, तरी तिचे बारशाचे नाव बदलले नाही. आणि नाव नुसते नाव राहत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची झाडे झोडपली. शेतातल्या पिकाला नुकसानभरपाई कशी द्यावयाची हे शासनाच्या नियमांना ठाऊक होते. जंगलातल्या ‘गौण’ उपजेला द्यावयाची की नाही, हे ठाऊक नव्हते. भरपाईसाठी हिरडा गोळा करणाऱ्यांना काही वर्षे आंदोलनाचा रस्ता धरावा लागला.

असे शब्द एकदा पाहू लागले की दिसतच जातात. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. अभयारण्य, म्हणजे जेथे भय नाही असे अरण्य! शेकरूच्या दृष्टीने शब्द यथार्थ असेल. ज्यांनी आहुप्यासारख्या ठिकाणी देवराया पिढ्यान्‌पिढ्या राखल्या, त्यांना मात्र जळणाची मोळी घेऊन निघताना भयाचा अनुभव त्याच दिवसापासून अधिक येऊ लागला. देवराई आणि अभयारण्य, दोन्ही शब्द रान राखण्याचेच. पहिल्यात राखणारा आत आहे, दुसऱ्यात तो बाहेर काढलेला आहे. धरणांचेही तसेच. इंग्रजीत कालव्याखालच्या जमिनीला फौजी थाटाचा ‘कमांड’ हा शब्द होता. मराठीत तो ‘लाभक्षेत्र’ झाला. हा अनुवाद मुळापेक्षा खरा आहे. कुकडी प्रकल्पातल्या डिंभे धरणाचे पाणी श्रीगोंदे-करमाळ्यापर्यंतच्या लाभक्षेत्राला द्यावयाचे, आणि वरच्या अंगाचे ते ‘बुडित क्षेत्र’. लाभ कोणाला व बुडणे कोणाला, हे सरकारी मराठीने इतक्या स्वच्छ शब्दांत दुसरीकडे क्वचितच सांगितले असेल. खुद्द आंबेगाव हे गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव तेच राहिले, कचेरी घोडेगावास आहे, आणि ज्या गावावरून नाव पडले ते जलाशयाच्या तळाशी. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर हे नाव दिले आहे.

उलट दिशेने गेलेला एक शब्दही आहे. या पट्ट्यात डोंगरउतारावर भाताची लहान लहान खाचरे तयार करण्याच्या कामाला पडकई म्हणतात. घरोघरचे हात एकत्र येऊन आज याचे, उद्या त्याचे, अशी ती खाचरे बांधली जात. हा शब्द शासनाने उचलला आणि पडकईची योजना झाली. आदिवासींचा शब्द सरकारी कागदावर चढला याचे अप्रूप वाटणे साहजिक होते. परंतु ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, दीडशेवर माणसे मेली, आणि त्यानंतर जी चर्चा झाली तीत डोंगरावर यंत्रे लावून केलेल्या सपाटीकरणाचा प्रश्न पुढे आला, त्याबरोबर पडकईचे नावही. दुर्घटनेची कारणे कोणती, कोणाचा वाटा किती, हा भूगर्भतज्ज्ञांचा विषय आहे. भाषेच्या अंगाने एवढे दिसते की, कुदळीने आणि एकमेकांच्या मदतीने होणाऱ्या कामाचे नाव यंत्राने झपाट्याने होणाऱ्या कामाला लागले, आणि ठपका आला तो नावावर आला. शब्द उसना घेतला, त्यामागचा हात घेतला नाही. अनुवादातली ही चोरी कोशात सापडत नाही.

हे सर्व सरकारला सुनावून कार्यकर्त्यांची सुटका होण्यासारखी नाही. समाजवादी आणि डाव्या चळवळीच्या ठरावांची भाषा काढून पाहावी. ‘वस्तुनिष्ठ परिस्थितीतील अंतर्विरोधांचे तीव्रीकरण’ हे वाक्य ज्या सभेत वाचून दाखविले जाते, तेथे मागे बसलेल्या बाया आपापसांत हिरड्याच्या भावाविषयी बोलत असतात, आणि तीव्रीकरण नेमके तेथे चाललेले असते. ‘सर्वहारा’ हा शब्द बंगाली-हिंदीच्या वाटेने आला. तो जोरकस आहे, पण ज्याच्यासाठी तो घडविला त्याला तो सांगावा लागतो. ‘कॉम्रेड’ हा स्पॅनिश-फ्रेंच घराण्याचा शब्द मात्र इंग्रजीमार्गे येऊन सांगावा न लागता रुजला, कारण त्याच्याबरोबर माणूस आला. तुरुंगात, मोर्च्यात, उपासात शेजारी बसलेला माणूस. ‘पेसा’ची गोष्ट त्याहून बोलकी आहे. इंग्रजी आद्याक्षरांचे हे कडबोळे. त्याचा विस्तार पाठ म्हणून दाखविणारा कार्यकर्ताही विरळा. तरीही जुन्नर-आंबेगावच्या अनुसूचित क्षेत्रातील गावांत ‘आमचं गाव पेसात आहे’ असे म्हातारा माणूस ठणकावून सांगतो. व्याकरणाने तो शब्द परका, ध्वनीने परका, अर्थ तर आत कुठेच दिसत नाही; पण तो उच्चारला की ग्रामसभेला विचारावे लागते हे त्याला अनुभवाने कळलेले आहे. ‘अनुसूचित क्षेत्र’ या निर्दोष संस्कृत जोडशब्दाला ते भाग्य लाभलेले नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात अशी तरतूद आहे की, सामाजिक परिणामांचा अहवाल आणि संपादनाची प्राथमिक अधिसूचना ‘स्थानिक भाषेत’ पंचायतीकडे प्रसिद्ध केली पाहिजे. जुन्नरात वा आंबेगावात स्थानिक भाषा कोणती? कचेरी म्हणेल, मराठी. आणि ‘उपोद्घात केलेल्या कलमान्वये अधिग्रहणाधीन क्षेत्राबाबत’ असा आरंभ असलेला कागद फलकावर चिकटविला की कायदा पाळला गेला. कायद्याने शब्द दिला आहे तो ‘स्थानिक’. राज्याची राजभाषा म्हटलेले नाही, अभिजात भाषाही म्हटलेले नाही. तेव्हा जे कागद ग्रामसभेपुढे येतात ते त्या वाडीच्या बोलीत वाचून, समजावून सांगितले गेले की नाही, सांगणारा कोण होता, प्रश्न कोणी विचारले, याची नोंद इतिवृत्तात झाली पाहिजे, आणि अशी नोंद नसेल तर ग्रामसभा झालीच नाही असे धरण्याची मागणी कार्यकर्त्यांना लावून धरता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. वाडीवर दोन दिवस आधी जाऊन तो कागद बायांसमोर मोठ्याने वाचावा लागेल, आणि ज्या शब्दापाशी त्या ‘म्हणजे काय?’ म्हणून थांबवतील त्या शब्दाखाली रेघ ओढून आणावी लागेल.